यंदा भिंतीला हात नाही

दादा, चुलीजवळच्या कोनाड्यातला तांब्या काल मी पुन्हा काढून पाहिला. निघत नाही. लहानपणी आपण दोघांनी त्याच्याशी काय झटापट केली होती! तू आत हात घालायचास, मी तुझं कोपर धरून मागं ओढायची, आणि आई चुलीपुढून ओरडायची, "आरं मुडद्यांनो, भित्त पाडता का काय!" कुठल्या पणजीनं तो तिथं ठेवला, कुणालाच ठाऊक नाही. दर वर्षी भिंतीला नवं लिंपण होत गेलं, कोनाड्याचं तोंड बारीक होत गेलं आणि तांब्या आतच राहिला. कुण्या एका सुनेनं एका वर्षी लिंपायच्या आधी तो बाहेर काढायचा कंटाळा केला असणार. कंटाळ्याचं इतकं टिकाऊ स्मारक मी दुसरं पाहिलेलं नाही.

कडेची दोन बोटं माती खरवडली असती तर तांब्या सहज निघाला असता. पण आपल्या घरात खरवडायचं नाही. सासूचा हात सून खरवडत नाही, त्याच्यावर आपला देते. घट बसायच्या आधी पांढरी माती, शेण आणि भुसा कालवून भिंतीला 'हात द्यायचा', एवढंच आपल्याला माहीत. खोली आतून दर वर्षी कणभर लहान होते, हे आपल्या कधी लक्षात आलं नाही. आईच्या लग्नातली पेटी खांब आणि भिंतीच्या मधे बसायची, ती पुढं बसेना, तेव्हा आई म्हणाली होती की पेटी फुगली. लोखंडाची पेटी फुगली! आणि आपण ते मानलंही.

तुझा तेरावा झाला. पितृपंधरवडा चालू आहे. बेलापुरात आपल्या गल्लीत सगळीकडे अंथरुणं-पांघरुणं प्रवरा नदीवर धुवायला निघाली आहेत, भांडी ओट्यावर आली आहेत, रंगाचे डबे आले आहेत. शेजारच्या हिरामावशीनं सवयीनं आपल्या दारात डोकावून विचारलं, "बेबे, माती भिजवली का गं?" आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवला. घरात माणूस गेलं की वर्षभर सण नाही आणि भिंतीला हात नाही. हे तिला सांगावं लागत नाही, मलाही नाही. मी नुसती मान हलवली. ती आत येऊन बसली आणि आम्ही दोघी तुझ्या नावानं पोटभर रडलो. मग तिनं चहा मागितला. तुला आवडलं असतं.

या घराचं कौतुक करायला लागलं की मला शब्द सापडत नाहीत, कारण दाखवण्यासारखं त्यात काही नाही. चार खणांचं घर, म्हणजे लाकडी खांबांमधल्या चार जागा, बस. नक्षी नाही, चौक नाही, माडी नाही. दार एवढं ठेंगणं की फौजदारालासुद्धा वाकून यावं लागतं. वर मातीचं माळवद, आणि माळवदाला एक सानं, म्हणजे उजेड यायला आणि धूर जायला ठेवलेलं भोक. दुपारी त्यातून उन्हाचा एक गोल तुकडा जमिनीवर पडतो आणि संध्याकाळपर्यंत भिंतीवर चढत जातो. तू त्याला लहानपणी पायाखाली धरून ठेवायचास. पणजोबांच्या वडिलांनी हे घर बांधलं, एवढंच आपल्याला सांगितलेलं. कुणा सरदाराचं नाही, सावकाराचं नाही. काळी कसणाऱ्या एका माणसानं गावठाणाच्या पांढरीतली माती उचलून स्वतःला निवारा केला. आणि ती माती अजून उभी आहे, दादा. मी पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, मुलांना लेणी दाखवली, देवळं दाखवली. पण हे घर पाहायला मला पासष्टी गाठावी लागली.

वहिनी वारल्या तेव्हा तुझ्या पोरानं, संदीपनं, तुला मळ्यातल्या वस्तीवर न्यायचा किती आग्रह केला. तिथं त्याचा स्लॅबचा बंगला, संडास घरात, पोरं, सून. तू जेवायला जायचास आणि झोपायला इथं परत यायचास. सकाळी स्वतःच्या पाण्यासाठी आणि चहासाठी चूल इथंच पेटवायचास. पहिलं वर्ष झालं, वर्षश्राद्ध झालं, आणि घट बसायच्या आधी तू धोतर खोचून स्वतः माती भिजवलीस. सगळी गल्ली पाहायला जमली. बाप्या माणूस भिंती लिंपतोय! पारावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. तू त्यांना म्हणालास, "भित्तीला काय कळतंय हात कुनाचा हाय त्ये?"

तिला कळत होतं, दादा. हे तुला मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात समजलं.

संदीपनं तुझ्यासाठी पंखा आणला होता. वायरमननं बटणांच्या खोक्यासाठी चुलीच्या बाजूच्या भिंतीला छिन्नी लावली, दोन ठोके मारले, आणि पंचपाळ्याएवढा एक पापुद्रा सबंध सुटून खाली आला. तू त्याला तिथंच थांबवलंस, चहा पाजून परत पाठवलंस आणि मला फोन केलास. "बेबे, भित्तीला पदर हायेत." मी म्हटलं, पदर म्हणजे? "तू ये. फोनवर सांगन्यासारखं न्हाई." दुसऱ्या दिवशी नगरहून पहिल्या एसटीनं मी आले.

छिन्नी जिथं खोल गेली होती तिथं भिंतीची कड उघडी पडली होती. तू मोबाईलचा उजेड धरलास. मी चष्मा पुसला आणि पाहिलं. चिरोट्याला असतात तसे पदर. एकावर एक, एकावर एक. एखादा नखाएवढा जाड, एखादा कागदासारखा. मधेच एक निळसर. तू म्हणालास, "ह्यो लग्नाचा. नीळ घातलीया." एका ठिकाणी तीन-चार थर इतके पातळ आणि भुशाशिवायचे, की तू म्हणालास, "ह्यो दुस्काळ. गुरांना न्हाई, तर भित्तीला कुठनं भुसा?" मी मोजायला लागले, आणि पुढं मोजणं सोडून दिलं. दीडशे वर्षांतल्या बायका एकीमागं एक उभ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या पाठीला दुसरीचा तळवा लागलेला होता. बहुतेकींची नावंही आपल्याला येत नाहीत. आईच्या सासूच्या पलीकडचं नाव विचारलं की आपलं तोंड बंद होतं. आणि इथं त्या सगळ्या हजर!

थरांमध्ये कुठं कुठं काळी रेघ होती. केसाएवढी. ती काय, ते मला कळेना. तू रेघेवरून नख फिरवलंस आणि म्हणालास, "त्या वर्षी हात दिल्याला न्हाई. चुलीचा धूर तसाच बसून ऱ्हायला. मानूस गेल्यालं वरीस हाय त्ये."

मग तू सुटलेला पापुद्रा माझ्या हातात दिलास. तो तुझा होता, वहिनी गेल्यापासूनचे तुझे सगळे थर एकत्र चिकटलेले. काजळी मधे आली म्हणून खालच्या मातीला ते धरून राहिले नव्हते, छिन्नीच्या धक्क्यानं आख्खे निघाले. आणि भिंतीवर जिथून ते निघाले, तिथं काळ्या काजळीखाली बोटांच्या ओळी होत्या. अर्धगोल, एकीत एक. तीन बोटं लांब आणि एक बोट आखूड. वहिनींच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं पेर कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेलं होतं.

आपण दोघंही खाली बसलो. तू तुझ्या पापुद्र्याची आतली बाजू वळवून दाखवलीस. तिच्या बोटांनी जिथं खळगे केले होते तिथं तुझ्या मातीला उंचवटे आले होते. एवढी वर्षं तू तिच्या हातावर हात ठेवून होतास आणि तुला ठाऊक नव्हतं. मी जन्मात तुला रडताना पाहिलं नाही. त्या दिवशीही तू रडला नाहीस. तू फक्त म्हणालास, "येवढं जवळ हुतं व्हय?"

मी नगरला परत आले ती ताप आल्यासारखी. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या ओळखीनं पुण्याच्या एका बाई शोधून काढल्या. जुन्या घरांचा अभ्यास हेच त्यांचं काम. तुला सांगितलं, दादा, हा वारसा आहे, जाणकार माणूस बघायला येतंय. तू म्हणालास, "वारसा? आगं, वारस तलाठी लावतो. त्याला पुन्याची बाई कशाला?" पण त्या येणार त्या दिवशी तू ओटा सारवून ठेवलास आणि इस्त्रीचा सदरा घातलास. मी ते पाहिलं होतं.

बाई वाकून आत आल्या. हाताच्या मागल्या बाजूनं भिंतीला स्पर्श केला, मूल तापलंय का पाहतात तसा. मग म्हणाल्या, "किल्ले राहिले, राजवाडे राहिले, देवळं राहिली. ज्यांनी त्यांचे दगड वाहिले, त्यांची घरं कुठं आहेत? साधी घरं कुणी राखत नाही. एकोणिसाव्या शतकातलं साध्या शेतकऱ्याचं घर, आणि अजून आत चूल पेटते, असं फार क्वचित बघायला मिळतं." त्यांनी सांगितलं, सिमेंट लावू नका, माळवदावर दर वर्षी माती टाका. काळ्या रेघांबद्दल मात्र त्या सावध होत्या. प्रत्येक रेघ मृत्यूचीच असेल असं नाही, म्हणाल्या. एखाद्या वर्षी सरपण ओलं मिळालं, धूर जास्त झाला, तरी अशी रेघ येते.

त्या गेल्यावर तू मला म्हणालास, "सरपन वल्लं कवा ऱ्हातं? भरून ठेवनारं मानूस घरात नसलं की." मी म्हटलं, दादा, तुला हवं तेच तू बघतोस. तू म्हणालास, "मग काय दुसऱ्याला हवं त्ये बघू?" या वादाचा निकाल आपल्यात लागला नाही. मला अजून वाटतं, बाईंचं बरोबर असू शकेल. तुझंही असू शकेल. पण त्यांतली शेवटची रेघ वहिनींची होती, याबद्दल आपल्या दोघांनाही शंका नव्हती.

मी ठरवून टाकलं होतं. तेवढ्या तुकड्यावर काच बसवायची. खाली छोटी पाटी. लोकांना दाखवायचं. तू 'बरं' म्हणाला नव्हतास, 'नको'ही म्हणाला नव्हतास. मी काचवाल्याला मापं दिली होती. पुढल्या शनिवारी आले तर भिंत सपाट. तू माती कालवून ती जागा लिंपून टाकली होतीस. पापुद्रासुद्धा पाण्यात भिजवून त्याच मातीत मिसळला होतास! मी काय काय बोलले, ते ओट्यावरच्या चिमण्यांनाही ऐकू गेलं असेल. अरे, पुन्हा असं दिसणार आहे का? जगाला दाखवायची वस्तू होती ती! तू हात धूत होतास. मागं न वळता म्हणालास, "बेबे, मानसाला उघडं ठेवत्यात व्हय?"

त्या प्रश्नाचाच मला जास्त राग आला. मी अजूनही म्हणते, वीतभर तरी ठेवायला हवं होतंस. तू पुढं फोनवर दर वेळी चिडवायचास, "काय, तुजी काच आली का?" आणि मी दर वेळी फणकारायची. त्या फणकाऱ्याची आता मला फार आठवण येते. कुणावर फणकारू?

तुझ्या तेराव्याला पंगत उठल्यावर संदीप ओट्यावर येऊन बसला. पोरगा चांगला आहे, दादा, तू त्याला उगाच धारेवर धरायचास. म्हणाला, "आत्या, दिवाळी झाली की जेसीबी सांगतो. माळवद गळतंय, मागल्या पावसात साप निगाला हुता. आण्णा हुतं तवर ठीक हुतं. उद्या कुनाच्या अंगावर पडलं तर?" खोटं काय होतं त्यात? तुझा धाकटा साडू हसून म्हणाला, "चला, तांब्या तरी निघंल एकदाचा." सगळे हसले. मीही हसले, आणि मग उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खुरपं घेऊन त्या भिंतीपुढं उभी होते. उन्हाचा तुकडा भिंतीवर चढत होता. मला एवढंच करायचं होतं, की तुझं लिंपण अलगद उचलायचं आणि संदीपला हाक मारायची. बघ, ही तुझी आई. मग कुठला जेसीबी आणि कुठलं काय! त्याच्या हातून भिंतीला टाचणी लागली नसती. खुरपं मातीला टेकवलंही होतं. पण 'मानसाला उघडं ठेवत्यात व्हय?' हा तुझा प्रश्न कानात तसाच होता. आणि तुझा शेवटचा हात त्या भिंतीवर होता, दादा. मी जवळून पाहिलं. तुझा अंगठा रुतलेला दिसतो. घर वाचवायला तुझा हात खरवडायचा? मी खुरपं ठेवून दिलं.

संदीपला बोलावलं, आणि नुसतं तोंडानं सांगितलं. पदर, निळा थर, काळी रेघ, तिच्या बोटांच्या ओळी, ते आखूड बोट. तू त्याला काहीच सांगितलं नव्हतंस, हे मला तेव्हा कळलं. तो ऐकत होता. भिंतीकडं पाहत होता, तिथं काहीच दिसत नव्हतं. शेवटी म्हणाला, "आत्या, भित्तीत मानूस ऱ्हात न्हाई." मग मी हट्टालाच पेटले. म्हटलं, ऱ्हाऊ दे. पण आपल्या घराची रीत तुला मान्य आहे ना? माणूस गेलं की वर्षभर भिंतीला हात नाही. जेसीबीचाही नाही. तो जरासा हसला, तुझ्यासारखाच, एका बाजूनं. "बरं. वर्षश्राद्ध हुईस्तवर न्हाई लावत." त्यापुढचं मी विचारलं नाही.

मी जिंकल्यासारखी दाराला कुलूप लावायला गेले, आणि कडी हातात असताना माझ्या ध्यानात आलं. बंद घरात धूर कुठला? चूल पेटली नाही तर तुझ्या वर्षाची रेघ उमटणारच नाही. एवढ्या सगळ्यांची आहे, वहिनींची आहे, आणि तुझीच तेवढी नाही. सबंध भिंतीला सगळ्यांत जास्त प्रेमानं हात दिलेला माणूस, आणि त्याची जागा कोरी!

मी कुलूप काढलं. नगरला ह्यांना फोन केला की डबा लावून घ्या, मी थोडे दिवस इथं आहे. ह्यांनी विचारलं, किती थोडे? मी म्हटलं, बघू. तेव्हापासून मी सकाळ-संध्याकाळ चूल पेटवते. तू रचून ठेवलेल्या तुराट्या होत्या कोपऱ्यात, खडखडीत वाळलेल्या. त्या भपकन पेटतात आणि धूर नावालाही देत नाहीत. तू माणूस भारी नेटका. सरपण इतकं चोख वाळवून ठेवलंस की तुझीच रेघ अडली. परवा संदीपची बायको दूध घेऊन आली होती. तिला मी हसत हसत हे सांगितलं. तिनं भिंतीला एक बोट लावून पाहिलं आणि ती गेली.

आज सकाळी दारात मोटरसायकल वाजली. संदीप होता. मागं बाभळीच्या हिरव्या फांद्यांची मोळी बांधलेली, तोडीवर अजून चीक. वाकून आत आला, चुलीपुढं मोळी टाकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "त्या तुराट्या नको जाळू. ह्ये वल्लं हाय, आत्ताच तोडलंय. लई धूर व्हईल."

चूल पेटता पेटेना. आम्ही आळीपाळीनं फुंकत राहिलो. मग धूर असा दाटला, दादा, की सान्यातून येणारं ऊन दिसेना आणि भिंतही दिसेना. मी खोकत बाहेर ओट्यावर आले. संदीप डोळे पुसत आतच बसून राहिला.